रांग

डिचोली. जेवणानंतरचा तास.
'क्यू' शिकवायचा होता: आधी आला तो आधी सुटला.
फळ्यावर चौकोन काढले की ही मुलं
खिडकीतून कदंब बसा मोजतात,
म्हणून रात्री जागून मी पडद्यावर ट्रक आणले,
तांबडे, धुळीचे, एकामागे एक.
मोबाइलवर बोट दाबलं की मागे एक जोडला जातो,
पुढचा जेटीवर रिकामा होऊन निघून जातो.

वर्ग उसळला. मागचा बाकसुद्धा.
"मॅडम, म्हजो ट्रक खंय गेलो?"

मिथिल माजिकनं बोट लावलं नाही.
म्हणाला, जेटी बंद केली तर?
मी कोडमधली एक ओळ पुसली.
रांग वाढत गेली
पडद्याच्या कडेपर्यंत, मग कडेबाहेर.

"आमच्या दारांत असोच उबो आसा," तो म्हणाला.
टायरातून तेरडा उगवलाय म्हणे.

या अवस्थेला पुस्तकात नाव आहे,
परीक्षेत दोन मार्क.
त्या दिवशी मी ते सांगितलं नाही.

घंटा झाली. सगळे गेल्यावर
मिथिलनं न विचारता कीबोर्ड ओढला,
पुसलेली ओळ आठवून आठवून परत लिहिली.
बरोबर होती.
फक्त शेवटचा अर्धविराम विसरला.