इशारा पातळी

रात्री अडीचच्या सुमाराला नेमगोंडा तात्या उठतात.
आधी कॉट कुरकुरते, मग खोकला,
मग थोडा वेळ काहीच नाही.
त्या 'काहीच नाही'त मी चपला शोधते.

पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं
आयर्विन पुलाखालची पट्टी वाचली त्यांनी.
टॉर्च, छत्री, वही. दर तासाला फूट आणि इंच.
म्हणतात, पाणी दारात आल्यावर ओरडणारे पुष्कळ, बाई,
मी त्याच्या आधीचा माणूस.

आणि हाच माणूस हात धरू देत नाही.
"मी काय पडतोय होय?"

अक्काताई बिरनाळेही असंच म्हणाल्या होत्या
दिवाळीत, उटण्यानं बुळबुळीत झालेल्या फरशीवर.
खुबा. मिरजेचा दवाखाना.
कॉटवर आता दुसरं कुणी झोपतं.
रजिस्टरात मी लिहिलं, 'तोल गेला.'
कसा गेला, कुणी विचारलं नाही.
मीही नाही, तेव्हा.

नंतर एका रात्री दिवे बंद करून
मी त्यांच्यासारखी चालून बघितलं,
पाय न उचलता, घासत, डोळे किलकिले करून.
न्हाणीच्या उंबऱ्यानं माझाच अंगठा फोडला.
सकाळी टाकीच्या कामातला उरलेला पिवळा रंग
सगळ्या उंबऱ्यांना फासला.
साहेब म्हणाले, हे काय विद्रूप?

पण मालनकाकूंना दिसत नाही नीट,
त्यांना वाटलं हळद आहे.
हळदीवर पाय कोण देतं, सांगलीत?
फरशीवर पाय ओढत चालणारी बाई
उंबऱ्याशी थांबली,
लुगडं जरा वर घेतलं
आणि पाऊल उचललं, चांगलं वीतभर.
मी काही बोलले नाही.

तात्या मात्र हळदीला फसणारे नव्हेत.
त्यांच्या उशाशी घंटी ठेवली, वही ठेवली.
म्हटलं, रात्रीचं रीडिंग मला जमत नाही,
तुम्ही घेता का?
पाय खाली सोडल्यावर डोकं किती फिरतंय,
तेवढं सांगायचं. उठायच्या आधी.
माझ्याकडे बघत राहिले. कळलं असणार त्यांना.
पेन्सिल मागून घेतली.

काल घंटी वाजली.
तात्या काठावर बसलेले, तळवे फरशीला टेकून,
दोन्ही मुठींत चादर.
"एकोणचाळीस फूट," म्हणाले, "अजून चढतंय."

मी शेजारी बसले.
बाहेर कुत्रं भुंकून गप्प झालं.
बऱ्याच वेळानं म्हणाले, "उतरलं,"
आणि हात पुढं केला,
माझ्याकडे न बघता.