दात न लावता

एलुनेदच्या बोक्याचं नाव बोतोन. बोतोन म्हणजे गुंडी.
अंग काळंभोर, गळ्याशी एकच पांढरा ठिपका.
सकाळी मेंढीचं काळीज, रात्री माशाचं डोकं,
पोट टम्म.
तरी कोठारात एक करडा उंदीर घेऊन बसलाय
पाऊण तास.

धरतो. सोडतो.
सोडून दुसरीकडेच बघतो,
जणू या उंदराशी त्याचं काही देणंघेणं नाही.
उंदीर दोन वीत सरकतो.
मग बोक्याच्या शेपटीचं टोक हलतं,
फक्त टोक.

"मारायचं तर मार, नाहीतर जाऊ दे त्याला!"
एलुनेद ओरडते, आधी वेल्शमध्ये, मग स्पॅनिशमध्ये.
पॅटागोनियातल्या या घरात
बोक्याची भाषा कुठली हे कधी ठरलंच नाही.

तिला उशीर होतोय. भरती लागली की खाली
गोट्यांच्या किनाऱ्यावर समुद्रसिंहांची पिल्लं मोजायची,
हे तिचं काम. दुर्बीण, थर्मास, वही.
वहीत तीन रकाने:
आहेत. गेली. माहीत नाही.

पिल्लं उथळ पाण्यात शिवाशिवी खेळतात,
एकमेकांच्या मानेला तोंड लावतात, उलटी पडतात.
तेवढ्यात लाटेतून दुसरीच एक लाट येते,
काळी, डोळ्यामागे पांढरा डाग असलेली,
आणि पोटावर घसरत थेट गोट्यांवर चढते.

ऑर्का पिल्लाला लगेच खात नाही.
खोल पाण्यात नेते, शेपटीने उडवते
घराएवढं उंच.
शेजारी तिचं लेकरू. त्याचा नेम चुकतो.
पुन्हा उडवते. पुन्हा चुकतो.
आईला घाई नाही.

एका एप्रिलमध्ये, वीस मिनिटांनी,
त्याच ऑर्काने तेच पिल्लू तोंडात धरलं,
किनाऱ्यापर्यंत आणलं, गोट्यांवर ठेवलं
आणि मागे सरकत निघून गेली.
अंगावर दाताची खूण नाही.
पिल्लाने अंग झटकलं, शिंकलं,
वर चढलं आणि पहिलं भेटलं त्या भावंडाला
मागून जाऊन चावलं.

"असं का केलं तिने?" ऑफिसातून फोन.
"विचारायचं राहिलं," म्हणाली एलुनेद.
गेलीच्या रकान्यातली रेघ तिने खोडली.
कागद तिथे अजून फाटलेला आहे.

संध्याकाळी दाराआड भाचा दबा धरून असतो.
इयेस्तिन, वय चार, बोटांची नखं केलेली.
तिचे बूट उंबरठा ओलांडतात
आणि तो पोटरीवर झेपावतो, दात काढून, गुरगुरत.
ती मरते. मन लावून मरते:
जीभ बाहेर, डोळे पांढरे, एक पाय ताठ.
तो तिच्या पोटावर बसून विजयी आरोळी ठोकतो.
मग थांबतो.
मग बोटाने तिचा गाल ढकलतो.
"मावशी."
पुन्हा ढकलतो. "मावशी, पुरे. ऊठ."
आवाज बदललेला असतो,
तेव्हा तिला डोळे उघडावे लागतात.

मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो,
एवढं सांगून आपली म्हण थांबते.
ती कोठारात गेलेली नसते.

एलुनेद कंदील घेऊन जाते.
उंदीर आडवा, अंगावर थेंबभर रक्त नाही.
बोतोन त्याच्यापुढे बसलाय.
एक पंजा उचलतो, नखं आत ओढून,
हलकेच टेकवतो.
वाट पाहतो.
पुन्हा टेकवतो.