केळ्याचा वास

लष्करात राहते मी. म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्करात,
जिथे दोनशे वर्षांपूर्वी फौजेनं तंबू ठोकले
आणि ते काढायचे राहून गेले.
म्हणून आमच्या घरी ती म्हण कुणी वापरत नाही.
लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या,
नाहीतर दुसऱ्या कुणाच्या?

झाशी रोडवरच्या प्रयोगशाळेत
खिडकीपासून तिसरं टेबल माझं.
एकोणीस वर्षं एकच वस्तू:
विषारी वायूत श्वास चालू ठेवणारा मुखवटा.
नमुना अकरावा.
चौथ्याचं रबर मेच्या उन्हात चिकटलं,
सातव्याचा पट्टा कानशिलं कापायचा,
नववा चांगला होता,
पण त्याचं रबर ओतणारा कारखानाच बुडाला.
शितोळेसाहेब म्हणतात, बाई, मूल अजून रांगतंय.
साहेब, एकोणीस वर्षांचं मूल फटफटी मागतं.

मार्चमध्ये परदेशातून खोकं आलं.
बारा मुखवटे, प्रत्येक आपापल्या पिशवीत,
माहितीपत्रक सहा भाषांत, आपली एकही नाही.
दोन युद्धांत पारखलेले,
म्हणजे हे नव्हेत, यांचे थोरले भाऊ.
एक उघडून झडप दाबली.
खरं सांगते, जीव जळला.
इतकी साधी!
जेवणाच्या डब्याच्या झाकणासारखी.

चाचणी तशी सोपी.
तंबूत केळ्याच्या अर्कात भिजवलेली चिंधी टांगायची,
मुखवटा घालून माणूस आत.
मान डावीकडे, मान उजवीकडे,
मोठ्यानं शंभरपर्यंत आकडे.
वास आला तर मेला.

हवालदार भदौरिया, भिंडचा.
गालफडं वर आलेली,
मिशा नियमात बसतील इतक्याच.
परदेशी घालून आत गेला
आणि तेविसाव्या आकड्याला बाहेर:
"केला, मॅडम."
गालाच्या हाडापाशी करंगळी जाईल एवढी फट.
तो साचा दुसऱ्याच मुलखातल्या तोंडावर बेतलेला.

मग आमचा. साठ, सत्तर, ब्याऐंशी,
आणि झडप बसली ती उठेचना.
बाहेर शेहेचाळीस, लू सुटलेली,
त्यानं ओरबाडून काढला, लालबुंद.
वास नाही आला.
श्वासही नाही आला.

दहा जणांत परदेशीमध्ये तिघे मेले,
आमच्यात दोघे.
समितीचा कागद एका पानाचा:
दोहोंपैकी एकाचं नाव लिहा.
मी दोन ओळींच्या मध्ये लिहिलं,
झडप त्यांची, रबर आमचं.
साहेबांनी ते हळूच खोडलं. हमीपत्र रद्द होतं म्हणे.

भदौरिया चहा घेत बसला होता.
"मैडम, जुलाई तक इनमें से कौन सा मिल जाएगा?"
जुलैत त्याची तुकडी वर जाणार होती.
कागदावर हा प्रश्न कुठेच नव्हता.

खोक्यातलाच मिळाला त्याला. सगळ्यांनाच मिळाला.
अकराव्याचं काम चालू ठेवा, म्हणाले,
निधीचं पुढच्या वर्षी बघू.

माझ्या कपाटात प्लास्टरचे चारशे चेहरे आहेत,
त्यातला त्याचा काढला.
रात्री नऊपर्यंत थांबले,
अकराव्या नमुन्याच्या रबराची पट्टी कापली, तासली,
त्याच्या मुखवट्याला आतून, गालाशी, चिकटवली.
सकाळी तो परत तंबूत गेला.
नव्व्याण्णव. शंभर. एकशे एक,
थांबेचना.

एकाच चेहऱ्यापुरतं झालं हे.
बाकीच्यांचे गाल
मी पाहिलेलेसुद्धा नाहीत.
बाड्यावर केळीवाल्याची गाडी लागते,
तिच्याजवळून जाताना
मी अजून आकडे मोजते.