शेपूला सोमवार

चौदा महिने झाले होते.
आम्ही मोजणं सोडलं होतं,
म्हणजे ईर्याने सोडलं होतं; मी कॅलेंडरवर
अजून पेन्सिलीची बारीक टिंबं देत होतो.

डोक्यातला फुगा, वाटाण्याएवढा, न फुटताच सापडला,
तेव्हा मांडीतून तार घालून त्यांनी
त्याच्या तोंडाशी जाळी बसवली, केसाहून बारीक विणीची.
सहाव्या महिन्यात फोटोत फुगा नव्हता.
क्युओपिओच्या हॉस्पिटलातल्या कॅन्टीनमध्ये
आम्ही दोन-दोन दालचिनीचे पाव खाल्ले.
जीव भांड्यात पडला.
ईर्याचं भांडं तर शाळेचं, चारशे पोरांच्या सुपाचं.

बाराव्या महिन्यात दोनांतली एक गोळी बंद झाली.

मार्चमध्ये तळ्यावरचा बर्फ वरून पांढराच असतो.
खालून किती उरलाय, ते भोक पाडल्याशिवाय कळत नाही.
गुरुवार होता. ती मासे उकळत होती. म्हणाली,
आर्वो, ते दे. ते हिरवं. ते
आणि सुरी उजव्या हातातून अशी खाली गेली
जशी त्या हाताची कधी नव्हतीच.

मी एकतीस वर्षं नगरपालिकेचे नळ दुरुस्त केले.
गळती थांबली की लोक हात मिळवतात, कॉफी देतात.
पुढे पाइप आतून क्षार धरतो,
ते बघायला कोणी बोलावत नाही.
हे मी डॉक्टर सारेलाइनेनना सांगितलं.
तरुण बाई. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
क्षार नाही हो हा. जाळी झाकायला
शिरेचं स्वतःचंच अस्तर वाढतं, वाढायलाच हवं.
इथे जरा जास्त वाढलं.

म्हणजे बरं होणंच, थांबायचं विसरलेलं.
राग कोणावर धरावा कळेना,
पार्किंगच्या मशीनवर काढला.

हात बराचसा परत आला. शब्द हप्त्याहप्त्याने.
मीठ आलं, चमचा आला, माझं नाव
एका पहाटे, जणू हरवलंच नव्हतं.
शेपू तेवढा आला नाही.
त्याला ती सोमवार म्हणते;
शाळेत दर सोमवारी माशांचं सूप असायचं.

दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू आहेत.
बाल्कनीतल्या खोक्यात मी सोमवार पेरलाय.
काल तिने विचारलं, कधी येणार?
मी मातीत बोट घालून पाहिलं.
ओल आहे, म्हणालो.