निरोप, तिसऱ्या गुरुवारी

लीएपायाच्या वाचनालयात, तळघरातल्या खोलीत
हीटर खोकतो, आणि वेल्गाबाई एकच फोटो दाखवतात.
तीन गुरुवार झाले. तोच.
इथे कोणाला माहीत नाही तो?
पोस्टाच्या तिकिटावर, बिस्किटांच्या डब्यावर,
एकदा तर निवडणुकीच्या पत्रकावरही होता:
धक्क्यावरची बाई, उंच धरलेला रुमाल, मागे जहाज.
खाली नाव, 'निरोप'.

पहिला नियम: 'छान' म्हणायचं नाही.
'सुंदर'ही नाही. म्हटलं की दहा सेंट
टेबलावरच्या काकडीच्या बरणीत.
'हृदयस्पर्शी'ला वीस.
पहिल्याच संध्याकाळी बरणीचं बूड झाकलं.
मग आम्ही गप्प झालो.
मग बघायला लागलो.

बाई पुठ्ठ्याचे दोन काटकोन फोटोवर सरकवतात,
"कडा बघा. मधलं सगळ्यांनाच दिसतं.
त्यानं काय ठेवलं ते त्यानं सांगितलंय,
काय कापलं ते कडेला सांडलंय."
डावीकडे एक कोपर. कुणाचं तरी.
खाली, कललेल्या उन्हात, दगडांवर टोपीची सावली,
त्याचीच, फोटो काढणाऱ्याची.
इतकी वर्षं आम्ही तिच्यावरून चालत जाऊन
बाईपाशी रडत होतो.

मी दात बनवते. मेण, प्लास्टर, लोकांचे जबडे.
म्हणून मला जबडा दिसला:
उजवा गाल फुगलेला, कानाखालचा स्नायू ताठ.
"ती काहीतरी चावतेय," मी म्हटलं.
बेकरीतली आरिया चिडली, "निरोप देताना कोण खातं?"
बाईंनी एवढंच विचारलं, "दिसतंय, की वाटतंय?"
हा दुसरा नियम.

आज गुनवाल्डिस बोलला.
अडतीस वर्षं त्यानं बंदरात जहाजं आत आणली,
दोन गुरुवार नुसता चष्मा पुसत बसलेला.
"तो माणूस," टेबलावर वाकून, बोट न टेकवता,
"जहाजाखालचा, हात पसरलेला.
तुम्ही म्हणता, तोही हात हलवतोय.
त्याच्या वर बघा. केसाएवढी रेघ.
निगेटिव्हवरचा ओरखडा नाही तो.
दोरी आहे. हवेत.
दोरी सोडणारा असा उभा राहत नाही.
झेलणारा राहतो."

हीटर खोकला.
जहाज येत होतं.

आरियानं त्या रुमालाकडे असं पाहिलं
जणू दिलेले उसने बुडाले.
कोणी म्हणालं, मग फोटोच खोटा.
कोणी म्हणालं, फोटो नाही, नाव खोटं.
वेल्गाबाईंनी पुठ्ठा नावावर ठेवला
आणि म्हणाल्या, परत बघा.

घरी तोच डबा. आई त्यात मीठ ठेवते,
बाबा ज्या वर्षी बोटीवर चढले
आणि उतरलेच नाहीत, तेव्हापासून.
"आज काय शिकलीस?"
"कडा बघायला."
दोरीचं नाही सांगितलं. डब्यावर ती नाहीच,
छपाईत गेली, झाकणाच्या वळणात.

आईनं बटाट्यांवर मीठ भुरभुरलं,
अंगठ्यानं पत्रा पुसला.
"मला हिची एकच गोष्ट आवडते," म्हणाली,
"खातेय बघ काहीतरी. सफरचंद असेल.
इतकी वाट बघायची
म्हणजे भूक लागणारच."
आणि सुरीनं बटाटा टोचून पाहिला.
अजून कच्चा होता.