मादी, तयार

भिलवडीच्या क्षारपड रानात, जिथं ऊस जळून गेला
तिथं आता तळं आहे.
टबात लवंगेचं तेल. मरळ गुंगते, कलते, निजते.
रेहाना मुजावर तिला ओल्या पंच्यावर घेते,
पोटाखालून प्रोब फिरवते.
मी वही धरून.

पडद्यावर करडं आभाळ,
मग राळे सांडावेत तसे दाणे.
"मादी. तयार."
पुढची गुळगुळीत, साईची पट्टी. "नर."
पुढचीत दाणे आहेत, पण खसखशीएवढे.
"मादी. तीन आठवडे थांबा."

तायाप्पा भोई आधी अंगठ्यानं दाबून सांगतो,
मग मशीनकडं बघतो.
चुकला की म्हणतो,
आपल्यात मरळ म्हटली की 'ती'च,
नर निघाला तरी 'ती'च,
माझा काय दोष?

एकविसावीला तो ओरडलाच,
"आणखी एक पोरगी!"
बांधावरचे सगळे हसले.

रेहानाचा हात जरा थांबला.
ती आधी दवाखान्यात होती, सोनोग्राफीच्या खोलीत.
भिंतीवर तो बोर्ड,
आणि बोर्डाखालच्या बाकावरून कुणीतरी हळूच,
"ताई, पेढे आणू का जिलबी?"
ती पडदा आपल्याकडं वळवून घ्यायची.
नऊ वर्षं
जे दिसलं ते गिळलं.

"किती झाल्या?" तिनं विचारलं.
"एकवीस."
"मोठ्यानं सांग की."

मी सांगितलं.
टबातल्या मरळीनं शेपटी आपटली,
वही भिजली, शाई फुटली.
आकडा पुन्हा लिहिला.