पंचाहत्तर मैलांच्या पलीकडे

सामना आमच्याच गावात होता, आमच्याच मैदानावर,
म्हणून आमच्या टीव्हीवर दिसणार नव्हता.
तेव्हा नियमच तसा होता:
पंचाहत्तर मैलांच्या आत पडदा कोरा.
ज्याला तिकीट मिळालं नाही त्यानं गाव सोडायचं,
गावाला जिंकताना बघायला.

आम्ही चौघं. झोल्टनची जुनी प्लिमथ, हीटर नावापुरता.
लॉरेनच्या मांडीवर टॉवेलात बांधलेलं पातेलं,
कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा,
गाडीत ऊब काय ती तेवढीच.
काचकारखान्याला सुट्टी होती.
सरोवरावरून वारा असा येत होता
की शब्द दातांवर आपटून परत फिरत.

मोटेलच्या टटलबाई खोलीचं भाडं घेत नव्हत्या,
माणशी दीड डॉलर घेत होत्या.
नऊ नंबरात आम्ही तेवीस जण,
दोघं न्हाणीघराच्या टबात बसून नुसतं ऐकणारे.
पडद्यावर बर्फ पडत होतं,
त्यातलं मैदानावरचं किती आणि टीव्हीतलं किती
ते कुणालाच सांगता येईना.

मग कळलं की स्टेफान हुडाकनं
खिडकीपाशी, अँटेनाला काटा लावून,
हात वर धरला की चित्र येतं.
हलला की जातं.
पडद्याकडे तोंड केलं तरी जातं.
अख्खा चौथा क्वार्टर तो भिंतीकडे बघत उभा राहिला,
आणि आम्ही त्याला खेळ सांगत राहिलो,
निम्मा खरा, निम्मा आमच्या मनातला.

अकरा सेकंद उरली. दोन गुणांनी मागे.
ग्लेझियर्सचा किकर पावलं मोजत मागे गेला
आणि स्टेफानला राहवलं नाही.
माणूसच तो. वळला.

चित्र गेलं. आवाज होता, गर्दीचा,
पण गर्दी हरतानाही तशीच ओरडते.
दहा नंबरातल्यांनी मधल्या भिंतीवर धडका मारल्या
तेव्हा कळलं, आपण जिंकलो.

त्यानंतर पहिली आणि शेवटची.
पुढं मालकानं संघ उचलून दक्षिणेत नेला,
उन्हात. नावसुद्धा बदललं.
मैदानाच्या जागी आता गोदाम आहे,
त्याच्या फाटकावर रात्रपाळीला असतो
झोल्टनचा नातू, त्याला बेसबॉल आवडतो.

दर डिसेंबरला आम्ही लॉरेनच्या तळघरात जमतो.
झोल्टन सांगतो, चेंडू डाव्या खांबाला घासून गेला.
लॉरेन म्हणते, घासला कसला, मधोमध होता,
आणि त्या क्षणी बर्फ हवेत थांबलं होतं.
मीही सांगतो. मला तर प्रेक्षकांतली
लाल टोपीतली एक मुलगी दिसते.
कुणी कुणाला टोकत नाही.
स्टेफान होता तोवर तोही मान डोलवायचा,
म्हणायचा, हो हो, लाल टोपी.

एका वर्षी ओडेल पेटवेला बोलावलं.
भट्टीवर आमच्याच पाळीत होता तो,
त्या दिवशी रोजावर मैदानातलं बर्फ उपसायला गेलेला.
आमच्यातला एकटा, जो खरोखर तिथं होता.
तीन म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत बसली.
त्यानं बशी संपवली, बोटं पुसली.
म्हणाला, चेंडू काही मी बघितला नाही.
किकरच्या बुटाची नाडी सुटली होती,
मी तिच्याकडेच बघत होतो.
पडतो की काय हा, असं वाटत होतं.

आणखी वाढू का, लॉरेननं विचारलं.

खरं सांगू? रात्री झोप येत नाही तेव्हा
मला ती किक आठवतच नाही.
आठवते स्टेफानची पाठ,
काखेत उसवलेला त्याचा चौकड्यांचा शर्ट,
थरथरणारा हात, हातात मोटेलचा काटा,
आणि तो मागं न बघता विचारतोय,
आता काय झालं? अरे, सांगा ना,
आता काय झालं?